तिला सांग

पाहुणी आरशासमोरच्या स्टुलावर बसली होती. आई तिच्या मागे उभी राहून वेणी घालत होती. ती स्वतः, दोघींमधली दुभाषी, खिडकीला टेकून, हातात टाचण्यांची डबी धरून, कुणी काही बोललं तर इकडचं तिकडे करायला उभी होती. तेवढ्यात पाहुणीनं आरशातून वर बघितलं आणि सकाळपासून घोकलेला एकुलता एक शब्द म्हणून दाखवला. "आई," ती म्हणाली. उच्चार वाकडा होता, पहिलं अक्षर ताणलेलं आणि दुसरं अर्धवट गिळलेलं. आणि आईनं केसांचे तिन्ही पेड हातात तसेच धरून, जराही न अडखळता विचारलं, "काय गं बाळा?"

एवढंच झालं. यात दुभाषीला काही कामच नव्हतं, इकडचं तिकडे आपोआप पोचलं होतं. पण तिच्या हातातली डबी कलली आणि दहाबारा टाचण्या फरशीवर सांडल्या. त्या वेचायला ती खाली बसली ती बराच वेळ उठलीच नाही. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. अकरा वर्षांची असताना दारात बोट चेमटलं होतं, नख काळंनिळं झालं होतं, तेव्हा आईनं ते बोट आपल्या ओठांशी धरून याच आवाजात काहीतरी म्हटलं होतं. त्यानंतरच्या छत्तीस वर्षांत तो घरात ऐकू आलेला नव्हता. वयानं गेला असेल, असं ती धरून चालली होती. आईचे दात गेले, गुडघे गेले, तसा आवाजातला ओलावाही गेला असेल. आणि आता तो हा इथं होता, शाबूत, जसाच्या तसा. इतकी वर्षं कुठल्याशा फडताळात जपून ठेवलेला आईनं आज दोन तासांच्या ओळखीवर एका परक्या बाईला काढून दिला होता. फरशीच्या सांध्यात अडकलेली एक टाचणी तिला निघेना. नखानं ती उकरत राहिली.

खरं तर आईला इथं तिनंच आणलं होतं. फर्निचरच्या दुकानावरच्या दोन मजल्यांवर त्यांची संस्था होती. परदेशातून येणाऱ्या जोडप्यांची लग्नं इथल्या जुन्या पद्धतीनं लावून देणं हे संस्थेचं काम. पोशाख, वाजंत्री, फुलं, विधी सांगणारे गुरुजी, शेवटी जाडजूड अल्बम. व्यवस्थापकांच्या दर दुसऱ्या वाक्यात 'अस्सल' हा शब्द यायचा, म्हणून मागं सगळे त्यांना अस्सलच म्हणत. विधींत मुलीच्या आईला मोठं काम होतं. तिनं मुलीची वेणी घालायची, हाताला धरून तिला दारापर्यंत न्यायचं आणि तिथं तिचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा. पाहुण्यांच्या आया कधी हयात नसत, कधी एवढ्या लांब येत नसत, आणि आल्या तरी त्यांना आपल्या पद्धतीची वेणी घालता येत नसे. त्यासाठी एक निवृत्त नर्सबाई ठरलेल्या होत्या. त्यांचा पाय जिन्यात मुरगळला. अस्सल म्हणाले, तुमच्या आई आहेत ना घरी, त्यांनाच आणा, अस्सल काम होईल. तिला वाटलं आई फटकन नाही म्हणेल, असल्या नाटकांना आईच्या तोंडी एक ठेवणीतला शब्द होता. पण आईनं फक्त विचारलं, किती वाजता. मग पेटीतला चांगला पोशाख काढून दोन दिवस वाळत घातला. मुलीचं नाव काय म्हणून विचारलं, ते जिभेवर बसेना तेव्हा सोडून दिलं. वय विचारलं. "चोवीस," हे ऐकल्यावर मात्र आई हातातलं काम थांबवून थोडी बघत राहिली. नर्सबाईंच्या बदल्यात आलेली ही बाई दुभाषीचीच आई आहे हे पाहुणीला कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणीनं विचारलं होतं, या कोण? तिनं सांगितलं, संस्थेतल्या एक बाई.

चोवीसची तीही होती कधीतरी. तेव्हा ती संध्याकाळच्या भाषेच्या वर्गाला जात असे, हीच भाषा, पाहुणीची. शाळेची इमारत, लहान मुलांचे बाक, गुडघे मावत नसत. शेजारच्या बाकावर नगरपालिकेतला एक आरेखक बसायचा. शिसपेन्सिलीनं त्याची तर्जनी कायम चकाकत असायची. त्याला त्या देशात नोकरी मिळत होती, आणि वर्गातल्या संवादांमधून, 'स्टेशन कुठं आहे', 'ही खोली दोघांना पुरेल का', असं म्हणता म्हणता त्यांचं ठरून गेलं होतं. खोली दोघांना पुरेल का हे वाक्य त्यानं तिला तीनतीनदा विचारलं होतं आणि मास्तर उच्चार तपासत होते. त्याच वर्षी वडिलांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तरी तिचं जायचं ठरलेलंच होतं, आईनंही तोंडदेखलं का होईना हो म्हटलं होतं. आणि मग आरेखक वर्गाला यायचा बंद झाला. ऑफिसात चौकशी केली तर कळलं, महिन्याआधीच गेला. एक ओळ नाही, निरोप नाही. तिनं अंथरुणात तोंड खुपसून रडून घेतलं आणि सकाळी वडिलांची कूस बदलली. पुढची नऊ वर्षं ती बदलत राहिली. वडील गेले त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर, तो अचानक शेजारी येऊन बसला. सुट्टीवर आला होता, अंगानं भरला होता, दोन मुलांचा बाप झाला होता. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला त्याचा चेहरा धुरकट दिसत होता. तो म्हणाला, राग नाही आता, पण एक सांगतो, तू स्वतः यायला हवं होतंस, आईला पाठवायला नको होतंस. त्या येऊन म्हणाल्या, तिचं मन बदललंय, तोंडावर सांगायची लाज वाटते म्हणून तिनंच मला पाठवलंय. ती हसली. हो, चुकलंच माझं, असं म्हणाली. कंपाउंडरनं तिचं नाव पुकारलं. घरी येऊन तिनं आईला चष्म्याचा नंबर सांगितला, दुसरं काही नाही. चौदा वर्षं झाली त्याला. या चौदा वर्षांत ती रोज त्या बाईच्या समोर बसून जेवत होती, तिच्या गुडघ्यांना तेल लावत होती आणि वाट बघत होती. कधीतरी आई बोलेल. आजारपणात बोलेल. बोलताना ढसाढसा रडेल, मग आपण काय करायचं, तिला जवळ घ्यायचं की उठून जायचं, हेही तिनं ठरवून ठेवलेलं होतं आणि दर वर्षा-दोन वर्षांनी बदललेलं होतं.

टाचण्या वेचून ती उठली तेव्हा पाहुणी तिच्याकडे वळली होती. तिला काहीतरी विचारायचं होतं. आधी शब्द जुळवले, मग भरभर बोलली. आपण नऊ वर्षांच्या असताना आई गेली. बाबांनी वाढवलं, चांगलं वाढवलं. पण अशा सकाळी आई मुलीला काय सांगते ते आपल्याला माहीत नाही. विधीतलं नको, ते छापलेल्या कागदावर आहे. यांच्या मनातलं काही सांगतील का? तिनं हे नीट, एकही शब्द न गाळता आईला सांगितलं. तोपर्यंत तिच्या मनात काहीच काळंबेरं नव्हतं, हे नंतर तिनं स्वतःला पुन्हापुन्हा बजावलं.

आईनं आणखी दोन-तीन पेड गुंफले. मग पाहुणीच्या मानेकडे बघत म्हणाली, "तिला सांग, मला एक मुलगी आहे. तिचंही असंच ठरलं होतं. मुलगा चांगला होता."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. खाली दुकानात कुणीतरी कपाट सरकवत होतं.

"सांग ना," आई म्हणाली. पण थांबली नाही. "ती जाणार म्हटल्यावर मला भीती वाटली. हे अंथरुणाला खिळलेले, बोलणं नाही, चालणं नाही. त्या घरात मी एकटी कशी राहू, असं झालं. म्हणून मीच जाऊन त्याला परतवलं. खोटं सांगितलं. तिला कळूही दिलं नाही. हिला सांग, मागं राहणाऱ्यांची काळजी करू नकोस. मागं राहणारी माणसं लबाड असतात. तू जा."

मान वर करून आईनं तिच्याकडे बघितलं नाही. बोटं शेवटच्या पेडापाशी होती. तिला वाटलं, खोलीतली हवा कुणीतरी हातानं बाजूला सारतंय. एवढी वर्षं जे यायचं होतं ते आलं होतं, आणि तिच्या नावे आलंच नव्हतं. आईच्या बोलण्यात एक 'ती' होती, जिचं लग्न मोडलं. एक 'ही' होती, जिला जा म्हणून सांगायचं होतं. या दोघींत ती कुठं होती? नळ होती ती. एका बाजूनं ओतायचं, दुसऱ्या बाजूनं पडायचं. आता हे सगळं तिनं स्वतःच्या तोंडानं, याच भाषेत, जी भाषा ती त्याच्या शेजारी बसून शिकली होती, चोवीस वर्षांच्या या मुलीला समजावून सांगायचं, म्हणजे ही रडेल आणि मागं वळून आईला मिठी मारेल. ती मिठी तिला स्पष्ट दिसली. आईचा हात त्या पोरीच्या पाठीवरून कसा फिरेल तेही दिसलं.

"त्या म्हणतात, सुखी राहा," ती पाहुणीला म्हणाली.

पाहुणी गोंधळली. एवढा वेळ बोलल्या, असं तिनं विचारलं. जुन्या भाषेतला आशीर्वाद आहे, म्हणून लांब वाटतो, तिनं उत्तर दिलं. सगळ्या नवऱ्या मुलींना हाच म्हणतात. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे, पाहुणी म्हणाली. मोतीबिंदू आहे, तिनं सांगितलं. तिचा आवाज इतका सरळ येत होता की तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, ती पुढे म्हणाली, "आणखी एक. तुम्ही त्यांना आई म्हणता ते त्यांना आवडत नाही. अवघडतात त्या. कृपा करून म्हणू नका."

पाहुणी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. माफ करा, असं दोनदा म्हणाली आणि आरशात न बघता समोरच्या फण्यांकडे बघू लागली.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"म्हणाली, लग्नाच्या दिवशी ही रडकथा मला कशाला."

आईचे हात थांबले. वेणीचं टोक बांधायचं राहिलं होतं, ते तिनं बांधलं, दोन गाठी मारल्या. "बरोबर आहे तिचं," ती म्हणाली.

लग्न ठरल्याप्रमाणे लागलं. नवरदेव धिप्पाड होता, पोशाख त्याला आखूड झाला होता आणि गुरुजींनी बस म्हटल्यावर बसताना पाठीमागं कुठंतरी टर्रकन उसवलं, तेव्हा सगळे हसले, तोही हसला. आई पाहुणीला हाताला धरून दारापर्यंत घेऊन आली. दोन हात एकमेकांत होते आणि दोन्ही हातांना तिथून सुटायचं होतं, हे दुरूनही दिसत होतं. दाराशी म्हणायचं वाक्य आईला आठवेना. अस्सल मागून पुटपुटत होते, तिनं ते अर्धंच म्हटलं. मग मुलीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकायचं असतं. पाहुणीनं ते टेकल्यासारखं केलं, कापडाला केस लागले न लागले आणि बाजूला झाली. फोटोग्राफर म्हणाला, दोघींना हसायला सांगा. तिनं सांगितलं. आधी एका भाषेत, मग दुसऱ्या. त्या हसल्या. तिच्या पोटात एक ऊब पसरत होती, थंडीच्या दिवसांत गरम पाण्यात पाय सोडून बसावं तशी. इतकं स्वस्थ तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं, आणि ते वाटतंय याची तिला भीतीही वाटत नव्हती.

बसमधून परतताना आई पोशाखाची पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होती. उतरायच्या आधी एवढंच म्हणाली, वेणी सैल झाली माझ्या हातून. पुढचे कित्येक दिवस घरात तसं काही वेगळं घडलं नाही. आई जेवण कमी जेवायची. दुपारी आडवी व्हायची पण डोळे उघडे असायचे. स्वयंपाकघरातून जाता-येता ती आईकडे चोरून बघायची आणि स्वतःला तपासायची, काही टोचतंय का. कधी टोचायचं. कधी ती ऊब पुन्हा पावलांतून वर यायची. आपल्याला दोन्ही जमतं, हे तिला नव्यानंच कळत होतं.

दोन महिन्यांनी संस्थेच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत एक फोटो आणि पत्र. आई झालेल्या बाईंना द्यावं, असं वर लिहिलं होतं. तिनं ते ऑफिसच्या मोरीत कडी लावून वाचलं. पाहुणीनं लिहिलं होतं, तुम्हाला आई म्हणू नये असं मला सांगितलं गेलं, म्हणून म्हणत नाही, मनात म्हणते. तुमचा तो जुन्या भाषेतला आशीर्वाद मला लिहून हवा आहे. तो सगळ्यांना म्हणायचा असतो हे मला माहीत आहे. पण माझ्या केसांत तुमचे हात थरथरत होते, आणि पाठ केलेलं वाक्य म्हणताना माणसाचे हात थरथरत नाहीत. तिनं पाकीट टेबलाच्या खणात, फायलींच्या खाली ठेवलं. अकरा दिवस ठेवलं. बाराव्या दिवशी, जेवताना, आईनं भाताकडे बघत विचारलं, "त्या मुलीचं काही कळतं का गं?" आणि तिला काय झालं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी तिनं पाकीट घरी आणलं.

आई खिडकीशी बसून गुंडी शिवत होती. तिनं पत्र आपल्या भाषेत वाचून दाखवलं. प्रत्येक शब्द जिथल्या तिथे ठेवला. 'मला सांगितलं गेलं' हे वाक्य आलं तेव्हा ते गाळता आलं असतं. तिनं गाळलं नाही. वाचताना आत कुठंतरी असं वाटत होतं की आता हे संपेल, आई काहीतरी बोलेल, ओरडेल, आणि संपेल.

"पुन्हा वाच," आई म्हणाली.

तिनं पुन्हा वाचलं.

"मघाशी थरथरत होते म्हणालीस. आता कापत होते म्हणतेस."

"एकच अर्थ आहे, आई."

"असेल." आईनं दोरा दातानं तोडला, हात पुढे करून पत्र मागून घेतलं आणि घडी घालून चोळीत ठेवलं.

खालच्या मजल्यावर एक मास्तरीणबाई राहत होत्या. शाळेत त्यांनी पूर्वी तीच भाषा शिकवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आई चपला घालून, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत त्यांच्याकडे गेली. तासाभरानं वर आली. पाणी प्यायली. ती कामावर न जाता घरीच थांबली होती.

"काय म्हणाल्या बाई?" तिनं विचारलं.

"तू सांगितलंस तेच." आई खुर्चीत बसली. "खरंच सांगत होतीस. तेवढं बघायचं होतं." मग दम घेऊन म्हणाली, "त्या दिवशी काय सांगितलं होतंस तिला?"

"तू त्याला काय सांगितलं होतंस?"

आईचा चेहरा हलला नाही. फक्त मांडीवरचा हात उलटा झाला, तळवा वर, कुणी त्यात काही ठेवावं तसा. "म्हणजे तुला माहीत होतं."

"चौदा वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

"बोलले की."

"तिच्याशी बोललीस."

"तू होतीस ना मध्ये," आई म्हणाली.

ती उभ्याउभ्याच टेबलाची कड चाचपत राहिली. आई उठून भांडी आवरायला गेली. रात्री दोघी जेवल्या. आईनं मीठ मागितलं, तिनं दिलं. यापुढे बोलायला काही उरलं नाही असं नव्हतं, सगळंच उरलं होतं. पण आईनं विषय काढला नाही, आणि तिनं सुरुवात करायची म्हटलं की तोंडात आलेला शब्द आईला खरा वाटेल की नाही, याच हिशेबात तो विरून जायचा.

त्यानंतर आई दर गुरुवारी दुपारी खाली जाऊ लागली. आई बोलायची, मास्तरीणबाई लिहून घ्यायच्या. उत्तरं त्यांच्याच पत्त्यावर यायची. वर फक्त फोटो यायचे, आईच्या उशाशी भिंतीला चिकटवलेले. एका फोटोत पाहुणी कुठल्याशा खिडकीत उभी होती, दुसऱ्यात तिचं पोट दिसत होतं. काय लिहितेस तिला, असं तिनं एकदाच विचारलं. आई म्हणाली, तुला कामं असतात, तुला कशाला त्रास.

वर्ष उलटलं तेव्हा पाहुणी आली. संस्थेत नाही, थेट त्यांच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर, कडेवर तीन महिन्यांचं मूल घेऊन. हे तिला आईकडून त्याच सकाळी समजलं. आईनं पोशाख काढून ठेवला होता आणि इस्त्री करून मागितली. तिनं केली, बाह्यांच्या चुण्यासुद्धा बसवल्या. आई आरशासमोर बसली तेव्हा तिनं मागून केसही विंचरून दिले. "मी येऊ खाली?" तिनं विचारलं. आईनं आरशातून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. "नको," आई म्हणाली. "ती घाबरेल."

पायऱ्यांवर आईची पावलं वाजली. खालचं दार उघडलं आणि लागलं. ती थोडा वेळ खिडकीशी उभी होती, मग मधल्या खोलीत आली, आणि मग गालिचा बाजूला सारून जमिनीवर बसली, आणि शेवटी आडवी होऊन कान फरशीला लावला. फरशी गार होती. आधी नुसती कुजबूज आली, मग बाळाचं रडणं, ते थांबलं, मग आईचा आवाज, तोच, ओला. आईचे शब्द ओळखू येत होते, लांबलचक वाक्य होतं ते, मध्येच वळण घेतलेलं. मास्तरीणबाईंना ते एकदम जमेना. त्या अडखळल्या, चुकीचा शब्द म्हणाल्या, पुन्हा सुरुवात केली. खाली तिघी हसल्या. हसू ओसरल्यावरच्या शांततेत वर फरशीवर पडल्यापडल्या तिनं ते वाक्य त्या भाषेत पुरं केलं, अगदी बरोबर, एकही शब्द न गाळता, आणि पुढचं वाक्य येईपर्यंत श्वास धरून राहिली.